भाड्याचे घर : छप्पर आणि कागद

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. ज्यांनी ती रूढ केली, त्यांच्या काळी घर बांधणे हेच गृहस्थाच्या कसोटीचे काम होते. भाड्याने घर घेणे ही परगावी चाकरीस गेलेल्या थोड्या माणसांची तात्पुरती अडचण समजली जात असे. आज मुंबई आणि तिच्या परिसरात गोष्ट निराळी आहे. पहिली नोकरी लागलेला तरुण, नुकतेच विवाह झालेले दांपत्य, बदलीवर आलेला कारकून, या सर्वांना घर बांधण्याची बात दूरच राहिली. परंतु भाड्याचे घर शोधण्याची कसोटी मात्र कोणाला चुकत नाही. शिवाय ती एकदा देऊन संपत नाही. बहुधा दर अकरा महिन्यांनी पुन्हा द्यावी लागते. तेव्हा या विषयावर, विशेषतः कल्याणच्या पुढील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तीन गावांच्या अनुरोधाने, चार शब्द बोलण्याचे मी आज योजिले आहे.

मी शाळामास्तर, वकील नव्हे किंवा इमारतींचा तज्ज्ञही नव्हे. मग या विषयाशी माझा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आला तो शाळेच्या कचेरीत. ऐन वर्षाच्या मध्यावर मुलाचा दाखला मागावयास येणारे पालक मी दरवर्षी पाहात असे. कारण विचारावे, तर उत्तर बहुतेक ठरलेले : "घर बदलले, गुरुजी." मालकाने घर विकावयास काढले, भाडे एकाएकी वाढविले, छप्पर गळू लागले, कारणे अनेक, परिणाम एकच. कोवळ्या वयाच्या मुलाची शाळा, सोबती आणि अभ्यासाची घडी एका दिवसात मोडे. म्हणून भाड्याचा करार हा केवळ मालक आणि भाडेकरू या दोघांतला व्यवहार आहे, असे मला कधी वाटले नाही. त्यात घरातली मुले हा तिसरा पक्ष असतो, आणि त्यांची सही कोणी घेत नाही.

आता प्रथम या तीन गावांची थोडी ओळख करून घेऊ. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून लोहमार्गाने कल्याण सुमारे ५४ किलोमीटर, अंबरनाथ सुमारे ६० आणि बदलापूर सुमारे ६८ किलोमीटर आहे. उल्हासनगर कल्याण व अंबरनाथ यांच्या मध्ये पडते. अंतराने ही गावे शेजारी, परंतु तिघांची प्रकृती भिन्न. अंबरनाथ फार प्राचीन. तेथील शिलाहारकालीन शिवालयात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, चा शिलालेख आहे. पुढे आगकाड्यांचा व शस्त्रनिर्मितीचा असे मोठे कारखाने येथे आले आणि त्याला औद्योगिक गावाचे रूप आले. बदलापूर हे अलीकडेपर्यंत भातशेतीचे, शांत गाव होते. कुळगाव-बदलापूर नगरपरिषद १९९२ साली स्थापन झाली, आणि त्यानंतर लोकल गाडीच्या आधाराने तेथे इमारतींची रांगच रांग उभी राहिली. उल्हासनगरची कथा सर्वांहून वेगळी आहे. तिच्याकडे मी थोड्या वेळाने वळतो.

मुंबईकडे वा ठाण्याकडे काम करणारा मनुष्य इतक्या दूर घर का शोधतो? उत्तर उघड आहे : भाडे परवडते. परंतु भाड्याचा हिशेब महिन्याच्या आकड्यावरच संपवू नये. बदलापुरात राहून मुंबईच्या कचेरीत जाणाऱ्याने घरापासून स्थानक, गाडी, आणि स्थानकापासून कचेरी असे जाऊन-येऊन दिवसाचे चार तास धरावे. महिन्याला पंचवीस दिवस कामाचे म्हटले, तर शंभर तास झाले. हे शंभर तास पैशांत मांडावे असे मी म्हणत नाही; परंतु घरात तान्हे मूल असेल, वृद्ध आईबाप असतील, तर त्या तासांची किंमत कोण देणार, याचा विचार घर ठरविण्यापूर्वी नवराबायकोने एकत्र बसून करावा. स्थानकापासून पायी दहा मिनिटांवरचे थोडे महाग घर, आणि रिक्षाने पंधरा मिनिटांवरचे स्वस्त घर, यांचा ताळेबंद कागदावर मांडला तर पुष्कळदा पहिलेच स्वस्त ठरते.

तीच गोष्ट पाण्याची. घर पाहावयास आपण बहुधा रविवारी दुपारी जातो. तेव्हा नळ सुटलेला नसतो आणि टाकी भरलेली असते. म्हणून पाणी कोणत्या दिवशी येते, किती वेळ येते आणि टँकर मागवावा लागतो काय, हे मालकाला किंवा दलालाला न विचारता त्याच जिन्यावरच्या एखाद्या गृहिणीला विचारावे. बदलापुरात नदीच्या अंगाला घर असेल, तर आणखी एक प्रश्न जोडावा : पुराचे पाणी येथवर येते काय? २६ जुलै २००५ चा महापूर पुष्कळांच्या स्मरणात आहे. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीला पूर येऊन महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पाण्यात अडकली आणि सुमारे एक हजार प्रवाशांना नावांच्या साहाय्याने बाहेर काढावे लागले. अशा ठिकाणी तळमजल्याचे घर स्वस्त मिळत असेल, तर ते का स्वस्त आहे हे समजून मग घ्यावे.

येथवर सांगितलेल्या गोष्टी कोणताही चाणाक्ष संसारी मनुष्य पाहतोच. माझ्या आजच्या भाषणाचा मुख्य रोख मात्र दोन अशा गोष्टींवर आहे, की ज्या भाडेकरू पाहातच नाही. कारण त्या पाहणे हे घर विकत घेणाऱ्याचे काम आहे, अशी त्याची समजूत असते. त्यांपैकी पहिली गोष्ट छप्पर, आणि दुसरी कागद.

छपराविषयी बोलताना उल्हासनगरचा इतिहास थोडा सांगितला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ सैन्यासाठी मोठी छावणी उभारण्यात आली. बराकी तात्पुरत्या उपयोगासाठी होत्या. १९४७ साली देशाची फाळणी झाली आणि सिंध प्रांतातून घरदार सोडून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना याच छावणीत आसरा देण्यात आला. एकेका लांबलचक बराकीत अनेक कुटुंबांनी आडोसे उभारून संसार मांडले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही तेथील भाग कॅम्प एक ते कॅम्प पाच याच नावांनी ओळखले जातात. ज्यांनी सर्वस्व गमावले होते, त्या लोकांनी आपल्या उद्यमशीलतेने तेथे व्यापाराची मोठी पेठ उभी केली, ही गोष्ट कोणालाही अभिमान वाटावा अशी आहे.

परंतु ज्या जागेचा आरंभच तात्पुरत्या निवाऱ्यात झाला, तेथे कुटुंबे वाढली, जागा अपुरी पडली, आणि बराकींच्या जागी इमारती उठू लागल्या. त्यांतील पुष्कळ इमारतींना रीतसर परवानगी नव्हती. २००५ च्या सुमारास ८५५ अनधिकृत इमारती पाडण्याच्या उच्च न्यायालयाच्या आदेशाने सारे शहर हवालदिल झाले होते. अखेर २००६ साली राज्य शासनाला केवळ उल्हासनगरातील अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. कायद्याने कागद नियमित होऊ शकतो, परंतु सिमेंट व सळई नियमित होत नाहीत. मे २०२१ मध्ये दोन आठवड्यांच्या आत, १५ तारखेला मोहिनी पॅलेस आणि २८ तारखेला साई सिद्धी, अशा दोन निवासी इमारतींचे स्लॅब कोसळले. वरचा स्लॅब खालच्यावर, तो त्याच्या खालच्यावर, असे होत गेले आणि दोन्ही मिळून दहाहून अधिक माणसे प्राणास मुकली.

श्रोतेहो, ही दुःखद हकीकत मी भीती घालण्यासाठी सांगत नाही. सांगावयाचे ते इतकेच, की स्लॅब कोसळतो तेव्हा आत निजलेला मनुष्य मालक आहे की भाडेकरू, हे तो पाहात नाही. अकरा महिन्यांचा काळ कायद्याच्या दृष्टीने थोडा असेल. परंतु त्या अकरा महिन्यांत पावसाळ्याचे चार महिने येतात. म्हणून अनामत रक्कम देण्यापूर्वी भाडेकरूने निःसंकोचपणे काही प्रश्न विचारावे. इमारत कोणत्या वर्षी बांधली? तिला भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे काय? तीस वर्षांहून जुनी असेल, तर तिचे संरचनात्मक परीक्षण, ज्याला व्यवहारात स्ट्रक्चरल ऑडिट म्हणतात, ते झाले आहे काय, आणि त्यात काय निष्पन्न झाले?

धोकादायक इमारतींची यादी नगरपालिका व महानगरपालिका पावसाळ्यापूर्वी जाहीर करीत असतात. तिच्यात चार वर्ग असतात. सी-१ म्हणजे तात्काळ रिकामी करून पाडावयाची. सी-२ अ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करावयाची. सी-२ ब म्हणजे रहिवासी आत असताना दुरुस्त करता येण्याजोगी. आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. हे चार शब्द ज्याला ठाऊक आहेत, त्याची फसगत होणे कठीण. याशिवाय आपले डोळे आहेतच. नुकताच रंग दिलेला असेल, तर तो का दिला हे पाहावे. न्हाणीघराच्या छताला ओल व पोपडे आहेत काय, खांबांना उभ्या भेगा आहेत काय, गिलावा पडून गंजलेल्या सळया उघड्या पडल्या आहेत काय, आणि वरच्या बिऱ्हाडात कोणी फरशीवर फरशी बसवून स्लॅबवरचे ओझे वाढविले आहे काय, हे पाहावयास वास्तुशास्त्राची पदवी लागत नाही. वरचे बिऱ्हाड पाहू द्या म्हणून विनंती केली, तर सहसा कोणी नाही म्हणत नाही.

आता कागदाकडे वळू. आपल्याकडील घरमालकाच्या मनात भाडेकरूविषयी एक जुनी भीती आहे, आणि ती निराधार नाही. मुंबईत भाड्यावर निर्बंध घालणारा पहिला कायदा पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली झाला. पुढे १९४७ च्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हेच बहुतांशी प्रमाण धरले. युद्धाने आणि टंचाईने गांजलेल्या भाडेकरूला त्या वेळी संरक्षण देणे अवश्यच होते. परंतु भाव वाढत गेले आणि भाडी जागच्या जागी राहिली. मालकांनी दुरुस्ती सोडली, पागडी बोकाळली, आणि एकदा शिरलेला भाडेकरू पिढ्यान्पिढ्या निघत नाही, असा समज दृढ झाला. मालकांनी 'भाडे' हा शब्दच टाळून 'लिव्ह अँड लायसन्स', म्हणजे राहण्याची नुसती परवानगी, असा मार्ग काढला. तर १९७३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा परवान्याने राहात असलेल्यांनाही भाडेकरू मानण्यात आले. मालक अधिकच बिचकले. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने भाडी गोठविणाऱ्या तरतुदी काळाच्या ओघात अन्यायकारक झाल्याचे सांगितले. आणि अखेर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून अंमलात आला.

या कायद्याची दोन कलमे प्रत्येक घरात ठाऊक असावीत. कलम २४ मालकाच्या बाजूचे आहे. परवान्याची मुदत संपताच जागा सोडली पाहिजे. न सोडल्यास मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते, आणि ठरलेल्या मोबदल्याच्या दुप्पट रक्कम भरपाई म्हणून द्यावी लागते. कलम ५५ मात्र दोघांच्या उपयोगाचे आहे. त्याप्रमाणे प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणी करविण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती त्याने न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आणि महत्त्वाचे हे, की नोंदलेला करार नसेल, तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

आता 'अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही' ही जी समजूत घरोघर आहे, तिचे मूळ पाहा. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी आवश्यक होती. म्हणून लोकांनी एक महिना कमी केला. महाराष्ट्रात कलम ५५ मुळे ही पळवाट उरलेली नाही. करार एका महिन्याचा असला तरी नोंदला पाहिजे. अकरा हा आकडा आता केवळ सवयीने चालत आला आहे. मुद्रांकाच्या नियमांत साठ महिन्यांपर्यंतच्या परवाना-कराराची सोय असताना, ज्याच्या घरी शाळेत जाणारी मुले आहेत त्याने दोन वा तीन वर्षांचा करार मागण्यास काय हरकत आहे? वार्षिक वाढ किती, ते आधीच लिहून घ्यावे. अकराच महिने मिळत असतील, तर निदान मुदतीचा शेवट परीक्षेच्या तोंडावर येऊ देऊ नये. एप्रिलमध्ये घर घेतले तर करार फेब्रुवारीअखेर संपतो, आणि दहावीचा विद्यार्थी मार्च महिन्यात बोचकी बांधीत बसतो. जूनमध्ये घेतलेले घर एप्रिलअखेर सुटते. एवढासा विचार दिनदर्शिकेवर नजर टाकून करता येण्यासारखा आहे.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा अनुभव सांगतो. अंबरनाथेत त्याने घर घेतले. मालक गोड बोलणारे. 'आपल्या माणसांत कागद कशाला' म्हणून साध्या कागदावर सह्या झाल्या. चौथ्या महिन्यात गिऱ्हाईक मिळाले म्हणून मालकांनी घर महिन्याभरात सोडावयास सांगितले आणि अनामतीतून रंगाचे पैसे कापण्याची भाषा सुरू केली. मुलगी दहावीत. अटींविषयी आपला शब्द कायदा आधी मानतो, हे त्या बिचाऱ्याला ठाऊकच नव्हते. एका वकिलांनी कलम ५५ दाखविले आणि तेच कलम त्याने नम्रपणे मालकांपुढे ठेवले. मालकांनीही विचार केला, मे महिन्यापर्यंत मुदत दिली आणि रीतसर नोंदणी करून दिली. भांडण झाले नाही. कारण दोघांनाही आपापली जागा कळली.

नोंदणीला खर्च फार येतो, हीदेखील एक सबब आहे. तेव्हा पाटीवर गणित मांडू. भाडे दरमहा दहा हजार, अनामत पन्नास हजार, मुदत अकरा महिने. भाड्याचे झाले एक लाख दहा हजार. अनामतीवर दहा टक्के दराने वर्षाचे व्याज पाच हजार धरावे. एकूण एक लाख पंधरा हजार. त्यावर मुद्रांक शुल्क शेकडा पाव, म्हणजे तीनशे रुपयांच्याही आत. नोंदणी शुल्क शहरी भागात एक हजार. दोन्ही मिळून सुमारे तेराशे रुपये झाले. किरकोळ खर्च व मध्यस्थाची मजुरी वेगळी. आता तर हे काम संगणकावर, घरबसल्या अंगठ्याचा ठसा देऊन होते. पन्नास हजारांची अनामत ज्या कागदावर अवलंबून आहे, त्याला हा खर्च जड म्हणता येईल काय?

कागदात काय असावे, तेही थोडक्यात सांगतो. अनामत बँकेमार्फत द्यावी आणि तिचा उल्लेख करारात करावा. ती किती दिवसांत परत मिळणार आणि कोणत्या कारणासाठी कापली जाणार, हे लिहावे. सोसायटीचा मासिक आकार कोण भरणार, हे ठरवावे. ठरावीक महिने उभयतांनी करार मोडू नये, अशी अट घालता येते. घराचा ताबा घेताना वीजमापकाचा आकडा, पंखे, दिवे, फुटकी फरशी यांची यादी करून दोघांनी सह्या कराव्यात. मालकाने भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी, यात अपमान मानू नये.

शेवटी मालकांच्या वतीनेही दोन शब्द. बदलापूर-अंबरनाथकडील घरमालक हा बहुधा गडगंज सावकार नसतो. कर्जाचा हप्ता भागावा म्हणून घर भाड्याने देणारा कोणी निवृत्त कारकून, कोणी विधवा भगिनी असते. त्यांचे भाडे वेळेवर मिळाले पाहिजे आणि त्यांच्या भिंतीला आपल्या घरासारखे जपले पाहिजे. उलटपक्षी मालकांनीही जात, धर्म आणि चुलीवर काय शिजते यांची चौकशी सोडून, मनुष्य सचोटीचा आहे काय एवढेच पाहावे. एकटी राहून नोकरी करणाऱ्या मुलीला या गावांतून दारोदार 'आम्ही एकट्यांना देत नाही' हे ऐकावे लागते. ती आपल्यापैकीच कोणाची तरी कन्या असते.

येत्या उन्हाळ्यात आपल्यापैकी अनेकजण घर बदलतील. त्यांना माझी एवढीच विनंती, की किल्ली हाती घेण्यापूर्वी वर एकदा छताकडे पाहावे आणि खाली एकदा कागदाकडे पाहावे. प्रश्न विचारल्याने चांगला मालक दुरावत नाही. आणि प्रश्न विचारताच ज्याला राग येतो, त्याचे घर न मिळालेलेच बरे.